खराब पिशवी

रविवार, ९ मार्च २०१४

काल महिला दिन. ऑफिसात आम्हा बायकांना एकेक गुलाब मिळाला, प्राचार्यांचं भाषण झालं, आणि मग सगळ्या परत परीक्षेचे अर्ज तपासायला बसलो. संध्याकाळी कर्वेनगरहून वारज्याला घरी येते तर आमच्या चौकात मांडव. ते नवं मोठं हॉस्पिटल झालंय ना, त्यांचं शिबिर. फक्त महिलांसाठी, मोफत. शेजारीण म्हणाली चल, म्हणून गेले. वजन, बीपी, रक्त. तिथल्या मुलीने विचारलं, पाळीचा काही त्रास? मी म्हटलं, वर्षभर अंगावरून फार जातंय. तिने लगेच गाडीत बसवून हॉस्पिटलात नेलं. सोनोग्राफी झाली, डॉक्टरांनी आतून तपासलं.

"गाठ आहे. पिशवीचं तोंडही सुजलंय," डॉक्टर म्हणाले. "मिस्टरांना घेऊन या."

अजून कुणाला सांगितलं नाही. सईला आमटी वाढताना ती सांडली. "आई, लक्ष कुठंय तुझं?" म्हणाली. बारा वर्षांची पोर, पण बोलते अगदी आजीसारखी.

ही वही मी दर उन्हाळ्यात सुरू करते आणि आठ-पंधरा दिवसांत सोडून देते. या वेळी सोडायची नाही. बोलायला दुसरं कुणी नाही.

मंगळवार, ११ मार्च

ह्यांना घेऊन गेले. खाली दुकानात फरशीचा ट्रक आला होता, तो तसाच टाकून आले.

डॉक्टर चांगले वाटले. गोड बोलतात, घाई करत नाहीत. पाणी मागवलं. ह्यांनी एकच शब्द विचारला, "कॅन्सर?"

"आज नाही म्हणेन," डॉक्टर म्हणाले. "उद्याचं कोण सांगणार? किती मुलं?"

"एक मुलगी."

"मोठी आहे ना? मग आता त्या पिशवीचा उपयोग तरी काय? काढून टाकली की पाळीची कटकट गेली आणि कॅन्सरची भीतीही गेली. विमा आहे, सगळं कॅशलेस होईल. पाडवा होऊन जाऊ द्या, दोन एप्रिलला करून टाकू."

"करा," हे म्हणाले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. साडी घ्यायची तर चार दुकानं पालथी घालणारा माणूस, आणि माझं पोट कापायचं तर एका मिनिटात होकार!

परत येताना स्कूटर इतकी हळू चालवली की मागच्या रिक्षावाल्याने शिवी दिली. एरवी पुलाखालून हॉर्नवर अंगठा ठेवूनच जातात. आज एकदाही वाजवला नाही. दुकानात ट्रक ताटकळला होता, त्याचाच विचार चालला असणार.

गुरुवार, १३ मार्च

आज आईंना सांगितलं. म्हणजे माझ्या सासूबाईंना, मुक्ताबाईंना. त्या ज्वारीचं पीठ मळत होत्या. ऐकलं आणि हात थांबला.

"कोन म्हनलं काढायला?"

"डॉक्टर म्हणाले. पिशवी खराब आहे म्हणाले."

"काय कापाकापी नको," म्हणाल्या, आणि भाकरी थापायला लागल्या. थापता थापता ती भाकरी फाटली. आईंची भाकरी फाटलेली मी लग्नानंतर पहिल्यांदा बघितली.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू? मी दीड महिना अंथरुणात पडले तर चूल कुणी बघायची, हाच हिशोब असणार. सून म्हणजे दोन हात. पोटात काय होतंय ते कुणी विचारायचं नाही.

हे मात्र म्हणाले, "आई, तू यात पडू नको." बायडा आत्या, ह्यांची सख्खी आत्या, दोन वर्षांपूर्वी पिशवीच्या कॅन्सरने गेली. हेच तिला दवाखान्यात न्यायचे-आणायचे. आत्याचं नाव घरात आता कुणी काढत नाही.

सोमवार, १७ मार्च

धुळवड. सुट्टी. सई रंगून आली, तिला अंघोळ घालता घालताच मी दमले. हल्ली जिना चढले तरी धाप लागते. कंगव्यात केसांचा पुंजका येतो. उन्हाळा लागला, सगळे पंख्याखाली बसतात, आणि मी पदर घट्ट ओढून घेते. ऑफिसात श्रीनिवास सर म्हणालेच, "अहो, मार्चमध्ये स्वेटर? काश्मीरला बदली झाली की काय?"

एक गोष्ट लिहून ठेवते. ही कुणाला सांगण्यासारखी नाही. डॉक्टर म्हणाले सहा आठवडे पूर्ण आराम, आणि मला भीती वाटायच्या आधी बरं वाटलं. कॉटवर पडून राहायचं, कुणीतरी चहा आणून द्यायचा, पहाटे उठायचं नाही. तेवढ्यासाठी पिशवी गेली तर जाऊ दे, असं मनात आलं.

असं कुणाच्या मनात येतं का?

शनिवार, २२ मार्च

आईंचं काहीतरी बिनसलंय. दुपारी मी जरा आडवी झाले तर येऊन उशाशी बसल्या. मला वाटलं, काम सांगायला आल्या. तर म्हणाल्या, "सगळंच काढनार का बाजूच्या गाठी ठेवनार? त्या अंड्याच्या?"

मी थक्क. शाळेचं तोंड न बघितलेली बाई, अंडाशयाचं हे कुठून कळलं? म्हटलं, "डॉक्टर म्हणाले, सगळंच काढून टाकू."

"सगळंच," म्हणाल्या. मग कितीतरी वेळ माझ्या पायावर हात ठेवून बसल्या. मी झोपेचं सोंग घेतलं. ऑपरेशन टाळावं म्हणून लाडीगोडी चाललीय असं वाटलं.

सोमवार, ३१ मार्च

पाडवा. गुढी उभारली, कडुनिंब खाल्ला. माझी बॅग भरून ठेवली आहे. दोन गाऊन, टॉवेल, सईचा फोटो. हॉस्पिटलातून फोन आला, उद्या संध्याकाळी दाखल व्हा, उपाशी राहायचं ते तिथे आल्यावर सांगू.

श्रीखंड खाताना आईंनी पुन्हा विषय काढला. "संभा, दुसऱ्या डाक्तरला दाव की एकदा."

हे ताटावरून उठले.

मंगळवार, १ एप्रिल

काय काय झालं ते नीट लिहायचा प्रयत्न करते.

सकाळी बघते तर बॅग रिकामी. गाऊन परत कपाटात, टॉवेल दांडीवर. हे ओरडले, "आई, हे काय चालवलंयस?"

"न्हाय जायचं तिनं."

"तुला सुनेची काळजी नाही, भाकऱ्या कोण थापणार याची आहे!"

अगदी माझ्या मनातलं वाक्य. पण ह्यांच्या तोंडून मोठ्याने ऐकलं आणि मलाच कसंतरी झालं. आई उठल्या. कुरडयांच्या चिकाचं पातेलं उचललं आणि गच्चीवर निघून गेल्या.

मी मागून गेले. उन्हात प्लास्टिक अंथरून, सोऱ्या घेऊन त्या कुरडया घालत होत्या. मी दगड ठेवून प्लास्टिकची टोकं दाबली आणि शेजारी बसले.

"तुझा नवरा तीन वर्साचा हुता," त्या एकदम म्हणाल्या. सोऱ्या फिरतच होता. "माझी कंबर दुखायची. पांढरं जायचं. तवा हितं सगळी शेतीच. ह्यांनी, तुझ्या सासऱ्यांनी, दुधाच्या टेम्पोतनं शहरात नेलं. डाक्तरनं बघितलं न बघितलं, म्हनला पिशवी खराब हाय, काढा, न्हायतर कॅन्सर. ह्यांनी सही केली. मला कुनी इचारलं न्हाय. मी कॉटवर पडून वरचा पंखा बघत हुते."

मला समजायला वेळ लागला. "आई, तुमचीही?"

"माझी, आन् आमच्या आळीतल्या अजून तिघींची. त्याच उन्हाळ्यात. वट्यावर बसलो की एकमेकींला म्हनायचो, वाचलो गं बाई. कशातनं वाचलो ते कुनाला ठावं?"

"किती वर्षांच्या होता?"

"बावीस-तेवीस असंल. मग घाम सुटायचा, थंडीत गोधडी फेकून द्यायची. ह्ये म्हनायचे, अंगात आलंय का? कंबर हुती तशीच दुखत ऱ्हायली. मला एक पोरगी पायजे हुती." इथे सोऱ्या थांबला. "तुझी खराब असंल तर काढ, मी भाकऱ्या थापीन, तुझं लुगडं धुईन. पन आधी दुसऱ्या कुनाला तरी दाव. मला कुनी दावलं न्हाय."

मी खाली येऊन हॉस्पिटलला फोन केला. म्हटलं, आज येत नाही. ती मुलगी म्हणाली, "मॅडम, पेशंटने असं शेवटच्या क्षणी घाबरू नये." मी म्हटलं, घाबरले नाही. पण घाबरले होते.

हे माझ्याशी बोलत नाहीत. दुपारभर दुकानाचं शटर अर्धं पाडून आत बसले होते. नीट सांगायला गेले तर म्हणाले, "तुम्ही दोघी मिळून काय ते ठरवा. मला परत ते सगळं बघायला लावू नका." काय बघायला, ते मला कळलं नाही.

शुक्रवार, ४ एप्रिल

शनिवार पेठेतल्या डॉ. कुसुम यांचं नाव आमच्या लायब्ररीतल्या नीरजा मॅडमनी सांगितलं. "बोलतात फटकळ, पण हात सोन्याचा," म्हणाल्या. आईंना बरोबर घेऊन गेले. म्हणजे त्या आपणहूनच चप्पल घालून दारात उभ्या होत्या.

पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांचा दवाखाना. बाहेर पाटी: 'गप्पा खाली माराव्यात.' डॉक्टरबाई सत्तरीच्या, नऊवारी नाही पण तोंड तसंच करारी. रिपोर्ट बघितला, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"भाड्याने आणलंय का गर्भाशय? परत द्यायची एवढी घाई?"

मला हसावं की रडावं कळेना. मी म्हटलं, "ते म्हणाले आता उपयोग नाही."

"उपयोग त्यांना विचारून ठरवायचा काय? गाठ लिंबाच्या बीएवढी आहे. दहा बायका उभ्या केल्या तर निम्म्यांना सापडेल. बसा इथे. त्रास सांगा. पाळीचा नाही, बाकीचा."

बाकीचं मला कुणी विचारलंच नव्हतं. जिना, केस, स्वेटर, वाढलेलं वजन, सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या गळ्याला हात लावून "थुंकी गिळा" म्हटलं. मग थायरॉइडसाठी रक्त काढायला लिहून दिलं. आतून तपासलं आणि पिशवीच्या तोंडाचा नमुना काचेवर घेतला. "कॅन्सरची भीती आहे ना? ती अशी तपासून घालवायची असते, कापून नाही. आणि हेही ऐका. उद्या खरंच काढायची वेळ आली तर मीच सांगेन, तेव्हा रडत बसायचं नाही."

आम्ही उठलो. आई मात्र खुर्चीवरच.

"बाई," त्या म्हणाल्या, "माझी खराब हुती का?"

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, बावीस-तेविसाव्या वर्षी काढली म्हणून. बाईंनी पेन खाली ठेवलं. किती विचारलं त्यांनी! कंबर कशी दुखायची, ताप होता का, रक्त जायचं का. आवाज एकदम खाली आला होता.

"तेव्हाच्या डॉक्टरने काय बघितलं, ते मला आज नाही सांगता येणार," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही सांगता तेवढ्यासाठी मी नसती काढली. गोळ्या दिल्या असत्या."

"गोळ्या," आई म्हणाल्या.

"हो."

"मग पोरगी झाली असती?"

"झाली असती कदाचित. नक्की कसं सांगू?"

आईंनी मान हलवली, पदर सारखा केला. बाहेरच्या पेशंटने दार ढकललं तर डॉक्टरबाई त्याच्यावर खेकसल्या, "थांबा जरा, गाडी चुकत नाही तुमची!" आणि आईंचा हात हातात घेऊन बसल्या. मग हाडांची तपासणी लिहून दिली. इतक्या लहान वयात सगळं काढलं की हाडं लवकर झिजतात म्हणाल्या.

बसमध्ये आई खिडकीतून बघत होत्या. वारजे आलं तेव्हा म्हणाल्या, "मेथी घेऊ जाता जाता." घेतली.

बुधवार, ९ एप्रिल

रिपोर्ट आले. नमुना स्वच्छ, कॅन्सर नाही. थायरॉइड मात्र पार बिघडलेलं, आणि रक्त कमी. डॉक्टरबाई फोनवर म्हणाल्या, "त्याच्यामुळेच अंगावरून जात होतं बहुतेक. रोज सकाळी उपाशीपोटी गोळी, जेवणानंतर लोहाची. पाळीत जास्त गेलं तर तिसरी गोळी लिहिली आहे. तीन महिने बघू. कळव मला." एकेरीवर आल्या एकदम. बरं वाटलं.

रिपोर्ट ह्यांच्यापुढे ठेवला. दुकानात गिऱ्हाईक होतं, त्याला फरशी दाखवत होते. त्याला "एक मिनिट" म्हणून रिपोर्ट वाचला. परत पहिल्यापासून वाचला. इंग्रजी नीट येत नाही ह्यांना, म्हणून मी म्हटलं, "नाही असं लिहिलंय. काही नाही."

"नक्की?"

"नक्की."

हे सिमेंटच्या पोत्यावर बसले. गिऱ्हाईकासमोर डोळे पुसले. "आत्याला पण सुरुवातीला असंच जायचं अंगावरून," म्हणाले. "आम्ही सगळे म्हणायचो, बायकांचं असतंच. मी पण म्हणायचो. मला वाटलं, तुझं पण..."

गिऱ्हाईक बिचारं फरशीच्या नमुन्यांकडे बघत उभं. मी इतके दिवस काय काय समजत होते ह्यांना. ती स्कूटर, तो न वाजवलेला हॉर्न. माणसाने एकदा बोलून दाखवायला काय हरकत असते? पण मी तरी कुठे विचारलं? गिऱ्हाईक गेल्यावर ह्यांना आईंच्या ऑपरेशनचं सगळं सांगितलं.

संध्याकाळी हे स्वैपाकघरात गेले. आई लसूण सोलत होत्या. मी बाहेरून ऐकत होते, लिहायला लाज वाटते पण ऐकत होते.

"आई, मी त्या दिवशी भाकऱ्यांचं बोललो..."

"बोललास तर बोललास."

"प्रेमलानं सांगितलं मला. तू कधी का नाही सांगितलंस?"

"लेकाला काय सांगायचं असलं?"

"मला वाटायचं तुला दुसरं मूल नकोच होतं."

लसूण सोलल्याचा आवाज येत राहिला. मग ह्यांचा आला, "सरक, मी सोलतो." आयुष्यात लसूण न सोललेला माणूस.

रविवार, ४ मे

कॉलेजला सुट्ट्या लागल्या आणि आईंनी फर्मान काढलं. मी पंधरा दिवस सकाळी उठायचं नाही. मी म्हटलं, अहो आई, ऑपरेशन झालंच नाही, आराम कसला?

"आराम पायजे तर घ्यायचा की गं. त्याच्यासाठी पोट कशाला फाडायचं?"

मी दचकले. माझी ही वही त्यांना वाचता येत नाही, हे मला पक्कं माहीत आहे. मग कसं कळलं? विचारलं नाही. गुपचूप झोपून राहिले. साडेआठला सईने चहा आणला, अर्धा बशीत सांडलेला. इतका चांगला चहा मी कधी प्यायले नव्हते.

हॉस्पिटलातून पुन्हा फोन होता, नवी तारीख कोणती देऊ म्हणून. ह्यांनी घेतला. "आमच्या घरातलं एक ऑपरेशन आधीच जास्त झालंय," म्हणाले आणि ठेवून दिला.

रविवार, २९ जून

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं दुखत नव्हतं. या खेपेची पाळी माणसासारखी आली आणि गेली. केस गळायचे थांबले नाहीत पूर्ण, पण जिना चढताना आता मध्ये थांबावं लागत नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, गोळी सोडायची नाही, शहाणपणा करायचा नाही.

आज दुपारी आईंची कंबर फार धरली. त्यांनाही आता कॅल्शियमच्या गोळ्या आहेत, पण त्या विसरतात, किंवा विसरल्यासारखं करतात. मी तेल कोमट करून आणलं. आई कुणाला अंगाला हात लावू देत नाहीत, म्हणून बाटली नुसती पुढे केली. तर म्हणाल्या, "लाव की."

दार लोटून घेतलं. त्या कुशीवर वळल्या, मी पाठीपासून खाली तेल लावत गेले. मग त्या आपणच उताण्या झाल्या. बेंबीखाली सरळ उभा व्रण, जाड टाक्यांचा, पोतं शिवल्यासारखा. इतक्या वर्षांनीही त्याची कातडी वेगळी लागत होती, गुळगुळीत. मी तिथे आले आणि हात अडखळला.

"दुखतं का इथे?"

"न्हाय. तितं काय कळतच न्हाय."

मी हलक्या हाताने तेल लावत राहिले. बाहेर सई सायकलची घंटी उगाच वाजवत होती. आईंचे डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली, म्हणून अगदी हळू विचारलं, "आई, पोरीचं नाव ठरवलं होतं का हो?"

मग डोळे न उघडता म्हणाल्या, "मथुरा."

तेहेतीस वर्षांत हे नाव त्यांनी मोठ्याने कधी उच्चारलं असेल असं वाटत नाही. म्हणताना जीभ जरा अडली.

मी म्हटलं, "छान आहे."

"हाय ना?" त्या म्हणाल्या, आणि माझा हात तिथेच धरून झोपल्या. स्वैपाकघरात दूध गॅसवर ठेवलं होतं, ते ऊतू गेल्याचा वास आला. मी उठले नाही.